रीत दाखवा

परवा नातवाची गणिताची वही चाळत होतो. सातवीत आहे तो. एका उदाहरणाचे उत्तर बरोबर, पण बाईंनी चारपैकी दोनच गुण दिलेले आणि बाजूला लाल शाईने लिहिलेले, "रीत दाखवा." नातू घुश्शात. "आजोबा, उत्तर बरोबर आहे ना? मग गुण कापायचे कारणच काय?"

मी समजूत घालायचा प्रयत्न केला, पण त्याला काही ते पटले नाही. पस्तीस वर्षे मास्तरकी करूनही घरच्या विद्यार्थ्यापुढे आपली मात्रा चालत नाही, हा बहुतेक सगळ्याच मास्तरांचा अनुभव असावा. त्या दोन लाल शब्दांवरून मला मात्र एक जुनी गोष्ट आठवली. कितीतरी दिवस ती लिहीन लिहीन म्हणत होतो, आज लिहितोच. विषय संगणकाचा आहे, पण वाचकहो, घाबरू नका. मीही जन्मभर इतिहास आणि मराठी शिकवलेला माणूस. मला जे कळले, ते तुम्हाला कळायला काहीच हरकत नाही.

मी २००७ साली निवृत्त झालो. नोकरीत असतानाच एमएससीआयटी केले होते, त्यामुळे टाइप करण्यापुरती ओळख होती. निवृत्तीनंतर आमच्या शाळेचा आणि गावाचा इतिहास लिहायला घेतला. जुन्या माणसांना भेटायचे, ते सांगतील ते पाठकोऱ्या कागदांवर टिपून घ्यायचे आणि घरी येऊन टाइप करायचे. २०११ साली माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तो पुण्यात संगणकाच्याच कामात आहे. त्याने माझ्या जुन्या संगणकावर उबुंटू बसवून दिले आणि माझ्यासाठी एक छोटीशी सोयही करून दिली. काळ्या खिडकीत 'रेक' एवढा एक शब्द टाइप करून एंटर दाबायचे, की माझ्या लेखांची छापण्यासारखी पाने तयार होत आणि लेखांचे सगळे फोल्डर पेनड्राइव्हवर नकलून ठेवले जाई.

ते चालू असताना खिडकीत इंग्रजी ओळी सरकत जात. प्रत्येक ओळ म्हणजे संगणक त्या क्षणी जे करणार असेल ती कमांड. ही फाइल घेतो आणि तिचे पान करतो, हे फोल्डर घेतो आणि तिकडे नकलतो, अशी. मला त्या ओळींचा त्रास होऊ लागला. अक्षरे बारीक, भाषा परकी, आणि मनात सारखी धास्ती की काही बिघडले तर नाही ना! २०१२ च्या दिवाळीत तो आला तेव्हा मी म्हटले, "अरे, ही बडबड बंद नाही का करता येणार? काम झाले की 'झाले' एवढे सांगितले तरी पुरे."

तो जरा घुटमळला. "सर, असू द्या ना. कधीतरी उपयोगी पडतात त्या ओळी."

"मला काय कळते रे त्यातले?"

मास्तरांपुढे तो काय बोलणार? त्याने एक ओळ बदलली आणि खिडकी शांत झाली. त्यानंतर दर वेळी मला फक्त 'झाले' दिसू लागले. मी खूश.

२०१३ च्या जानेवारीत मी नव्या वर्षाचे नवे फोल्डर केले. त्या वर्षी मला आमच्या शाळेचे पहिले शिपाई भेटले. नव्वदीला टेकलेले गृहस्थ. शाळा देवळाच्या ओसरीत भरत होती तेव्हापासूनचे सगळे त्यांच्या लक्षात होते. घंटा कुठून आणली, पहिल्या मुली शाळेत कोणाच्या घरच्या आल्या, दुष्काळात मुलांच्या खाण्याची सोय कशी केली... सहा-सात बैठका झाल्या. सगळे टाइप केले आणि पाठकोरे कागद रद्दीत दिले. श्रावणात ते गृहस्थ गेले.

दसऱ्यानंतर माझ्या संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली. मला फारसे वाईट वाटले नाही, कारण पेनड्राइव्ह होता ना! तो दुसऱ्या संगणकाला लावून पाहिला. आत २०१२ चे फोल्डर अगदी व्यवस्थित होते. २०१३ चे नव्हतेच.

विद्यार्थी धावत आला. त्याने पेनड्राइव्हवरची ती सूचनांची फाइल उघडली, गप्प बसवलेल्या ओळी पुन्हा चालू केल्या आणि 'रेक' म्हटले. पडद्यावर ओळ उमटली. सीपी, म्हणजे नक्कल कर, आणि तिच्यापुढे स्वच्छ लिहिलेले, 'लेख-२०१२'. फाइलीच्या वरच्या बाजूला वर्ष लिहून ठेवलेले होते, ते बदलायचे राहून गेले होते. म्हणजे दहा महिने संगणक इमानेइतबारे गेल्या वर्षाचेच फोल्डर नकलत होता आणि मला 'झाले' म्हणून सांगत होता. तो खोटे बोलत नव्हता. नक्कल झालेलीच होती!

"सर, चूक माझी," तो म्हणाला. पण चूक कोणाची ते आम्हा दोघांनाही माहीत होते. ती ओळ मला दर वेळी दिसत राहिली असती, तर इंग्रजी कितीही कच्चे असले तरी २०१२ हा आकडा मला वाचता आला असता.

ती गोष्ट मनाला लागून राहिली. नंतर मी इतिहासाच्या मास्तराला शोभेल असे एक काम केले. कमांड चालवण्याआधी ती दाखवायची ही पद्धत मुळात आली कुठून, कोणी सुरू केली, याचा माग काढला. तो असा.

आपण टाइप केलेली आज्ञा घेऊन ती संगणकाच्या गाभ्याकडून करून घेणारा जो प्रोग्राम असतो, त्याला शेल म्हणतात. शेल म्हणजे करवंटी, आतल्या गराभोवतीची. हे नाव ज्या युनिक्स प्रणालीमुळे घरोघरी गेले, ती १९६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. त्या काळी त्यांच्यापुढे पडदा नव्हता. टेलिटाइप नावाचे, तारायंत्रासारखे खडखडणारे यंत्र होते. त्यावर टाइप करायचे आणि उत्तरही त्याच्याच कागदावर छापून यायचे. मॉडेल ३३ या टेलिटाइपचा वेग सेकंदाला दहा अक्षरे. म्हणजे सत्तर अक्षरांची एक ओळ छापायला सात सेकंद! युनिक्समधल्या कमांडांची नावे सीपी, एमव्ही, एलएस अशी दोन-दोन अक्षरांची का, याचे एक कारण या यंत्रात आहे.

साहजिकच तिथे मौनाची संस्कृती तयार झाली. काम नीट झाले तर प्रोग्रामने काहीही बोलायचे नाही, अडले तरच बोलायचे. याला आणखी एक कारण १९७३ साली मिळाले. डग मॅकिलरॉय यांच्या कल्पनेवरून थॉम्प्सनने युनिक्समध्ये 'पाइप' आणले. एका प्रोग्रामने दिलेला मजकूर थेट दुसऱ्या प्रोग्रामच्या तोंडी जायचा. आता पहिल्याने मध्येच "मी आता हे करतो आहे बरं का" असे म्हटले, तर तेही दुसऱ्याच्या पोटात जाणार. भिक्षुकाने मंत्र म्हणता म्हणता "जरा तो दर्भ द्या" म्हटले आणि यजमानाने तेही मंत्र समजून म्हटले, तशी गत!

या घोटाळ्याची एक खरी गोष्ट स्टीव्ह जॉन्सन या बेल लॅब्जमधल्याच संशोधकाने सांगितली आहे. तिथे छपाईसाठी अक्षरजुळणीचे महागडे यंत्र होते. मजकूर त्याच्याकडे पाठवायचा, मग फोटोसारखा कागद धुऊन काढायचा. पुष्कळदा इतके सोपस्कार करून कागद हाती यायचा, आणि त्यावर सुबक छापील टायपात एकच ओळ असायची, अमुक फाइल सापडली नाही! अशा तक्रारी झाल्यावर चुकांच्या संदेशांसाठी वेगळी वाट काढली गेली. कामाचा मजकूर एका वाटेने आणि बोलणे दुसऱ्या वाटेने. तिला 'स्टँडर्ड एरर' म्हणतात. ही दुसरी वाट लक्षात ठेवा, पुढे ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

इतक्या मौनी मंडळींत एक बोलका प्रोग्राम जन्माला आला. त्याचे नाव मेक. साल १९७६. हेच स्टीव्ह जॉन्सन एका सकाळी वैतागून स्टुअर्ट फेल्डमन या सहकाऱ्याच्या खोलीत आले. त्यांची अख्खी सकाळ वाया गेली होती. प्रोग्राममधली चूक त्यांनी केव्हाच दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेली फाइल यंत्राच्या भाषेत नव्याने उतरवायची राहिली होती. त्यामुळे जुनाच प्रोग्राम चालत होता आणि ते नसलेली चूक शोधत बसले होते. आदल्याच संध्याकाळी फेल्डमनवरही अशीच पाळी आली होती. शनिवार-रविवारात त्याने मेकचा पहिला नमुना लिहून काढला.

मेक काय करते ते आमच्या शाळेच्या भाषेत सांगतो. विषयशिक्षकांच्या गुणयाद्या, त्यांवरून वर्गाचा निकालतक्ता, त्यावरून प्रगतिपुस्तके, अशी साखळी असते. एका विषयाची गुणयादी बदलली, तर तिच्यावर जे अवलंबून आहे तेवढेच पुन्हा करायचे, सगळ्या शाळेचा निकाल पुन्हा लावायचा नाही. मेक प्रत्येक फाइलीवरची बदलाची वेळ पाहते आणि जे शिळे झाले असेल तेवढेच ताजे करते. त्यासाठीच्या कमांडा आपण एका फाइलीत लिहून ठेवायच्या. या कामासाठी फेल्डमनला २००३ चा एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

आपल्या मुद्द्याची गोष्ट पुढे आहे. मेक कोणतीही कमांड चालवण्याआधी ती छापते. न विचारता, न सांगता. गप्प बसवायचे असेल, तर त्या ओळीच्या आरंभी ॲटचे चिन्ह घालायचे. सगळेच गप्प हवे असेल, तर मेकला तसे वेगळे सांगायचे. म्हणजे बोलणे हा नियम आणि मौन हा अपवाद. जिथे एक ओळ छापायला सात सेकंद लागत होते, त्या जगात नियम असा ठेवला गेला. मला याचे कारण असे वाटते. सीपी ही कमांड तुम्ही स्वतः टाइप करता तेव्हा आज्ञा तुमचीच असते, तुम्हाला ती माहीत असते, म्हणून तिने गप्प राहिलेले चालते. मेकमध्ये आज्ञा कोणती द्यायची हे मेक ठरवते. तुमच्या नावाने दुसराच कोणी हुकूम सोडत असेल, तर तो काय सोडतो आहे ते तुम्हाला कळायलाच हवे. साहेबाच्या सहीचा शिक्का कारकुनाकडे असला, तरी जावक नोंदवही साहेबाने बघायची असते, तसेच.

मेकला आणखी एक सवय आहे. '-एन' म्हटले की काहीही न करता, काय केले असते तेवढे ती छापून दाखवते. लग्नाच्या आदल्या दिवशी यादी वाचून दाखवतात ना, तसे.

हीच सोय शेलमध्येही आली. स्टीफन बोर्न याने लिहिलेला शेल १९७९ च्या सातव्या युनिक्स आवृत्तीत आला. त्याला 'सेट -एक्स' म्हटले, की पुढची प्रत्येक कमांड चालवताना तो ती छापतो. यात एक बारकावा आहे, आणि माझ्या गोष्टीचे मर्म त्यातच आहे. लिहिताना आपण कमांडमध्ये 'वर्ष' असे नुसते नाव घालतो, आकडा दुसरीकडे लिहिलेला असतो. शेल दाखवतो ते नाव भरून झाल्यानंतरचे. आपण काय लिहिले ते नव्हे, तर प्रत्यक्षात काय चालले ते. माझ्या फाइलीत 'लेख' आणि 'वर्ष' असेच लिहिलेले होते. ते कितीही वेळा वाचले असते तरी त्यात काही चूक दिसली नसती. चूक दिसली ती आकडा भरलेल्या ओळीत.

आता रेककडे येतो. जपानमध्ये युकिहिरो मात्सुमोतो याने १९९३ साली रूबी नावाची संगणकभाषा करायला घेतली आणि १९९५ मध्ये ती लोकांपुढे ठेवली. माणसाला लिहिताना आनंद वाटावा हा तिचा हेतू. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत राहणारा जिम वाइरिक हा तिचा भक्त. मेकची भाषा थोडी विचित्र आहे. ओळीच्या आरंभी टॅबऐवजी साध्या मोकळ्या जागा पडल्या तरी ती अडते. मित्राशी बोलता बोलता वाइरिकच्या मनात आले, मेकचे काम रूबीतच लिहिता आले तर? त्याने ते अगदी थोड्या ओळींत करून पाहिले आणि ते चालले! हे लिहायचा आपला मुळीच इरादा नव्हता, असे त्याने रेकच्या जन्मकथेच्या सुरुवातीलाच कबूल केले आहे. रूबीचा 'र' आणि मेक मिळून रेक. ही २००३ ची गोष्ट. पुढे रूबी १.९ पासून रेक रूबीसोबतच मिळू लागले. मार्टिन फाउलर या नामवंत लेखकाने २००५ साली त्यावर मोठा लेख लिहिला, आणि रेल्सच्या लाटेबरोबर रेक जगभर गेले. त्यातलाच एक तुकडा फिरत फिरत माझ्या टेबलापर्यंत आला.

रूबीतून शेलची कमांड चालवायचे अनेक मार्ग आहेत. उलट्या अवतरणचिन्हांत लिहा, नाहीतर 'सिस्टिम' म्हणा. हे दोन्ही मार्ग मुके आहेत. वाइरिकने रेकमध्ये तिसरा मार्ग दिला, 'एसएच'. तो दोन गोष्टी करतो. कमांड चालवण्याआधी ती छापतो, आणि कमांड फसली तर तिथेच थांबतो. मेकचीच जुनी रीत त्याने नव्या घरात आणली. आणि ती ओळ तो कुठे छापतो? त्याच दुसऱ्या वाटेवर, स्टँडर्ड एररवर. मेक आपल्या ओळी कामाच्याच वाटेने सोडते, रेक बोलणे वेगळे ठेवते. बोलायचेही आणि कामात भेसळही होऊ द्यायची नाही. मौनी पंथ आणि बोलका पंथ यांचा असा सलोखा झालेला मला इथे दिसला.

फसलेली कमांड कशी ओळखतात तेही गमतीचे आहे. प्रत्येक कमांड संपताना एक आकडा मागे ठेवते. शून्य म्हणजे पास, बाकी कोणताही आकडा म्हणजे नापास! आयुष्यभर शून्य म्हणजे भोपळा असे शिकवलेल्या मला हे पचायला वेळ लागला. पण विचार त्यात आहे. पास होण्याचा प्रकार एकच, नापास होण्याची कारणे मात्र अनेक, म्हणून ती वेगवेगळ्या आकड्यांनी सांगायची. माझ्या दहा महिन्यांत दर वेळी शून्य आले होते. चुकीचे काम बरोबर पार पडले, तर त्याचा आकडा शून्यच येणार. हे पकडायला आकडा पुरत नाही. काय केले ते माणसाने डोळ्यांनीच पाहावे लागते.

मेक आणि रेक यांत एक फरक मात्र आहे, आणि तो रेकच्या बाजूचा नाही. मेकच्या फाइलीत कमांडा म्हणजे नुसता मजकूर असतो. तो न चालवता वाचून दाखवता येतो. रेकमध्ये त्या जागी रूबीचा जिवंत प्रोग्राम असतो. तो चालल्याशिवाय आत कोणती कमांड तयार होईल ते कळत नाही. म्हणून रेकला '-एन' म्हटले, तर ते कामांची फक्त नावे सांगते. आधी हे काम, मग ते काम. आतल्या कमांडा दिसत नाहीत. रूबीची मोकळीक हवी, तर ही किंमत द्यावी लागते. त्यामुळे रेकमध्ये प्रत्यक्ष चालताना दिसणाऱ्या ओळीचे मोल मेकपेक्षाही जास्त आहे. आधी यादी वाचून दाखवणारे कोणी नाही, तेव्हा निदान चालता चालता तरी बघायला हवे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी एकांगी ठरेन. हजारो फाइलींच्या प्रकल्पात प्रत्येक कमांड पानभर लांब असते. अशा ओळींचा पूर आला, तर त्यात महत्त्वाची सूचना वाहून जाते. खूप बोलणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, हे वर्गात मी रोज पाहिले आहे. म्हणून लिनक्सच्या गाभ्याची बांधणी करताना साधारणपणे लहानशी ओळ दिसते, कोणता प्रकार आणि कोणती फाइल एवढीच. पूर्ण कमांड हवी असेल, तर तसे सांगायचे. ऑटोमेक या साधनाने २००९ साली अशाच थोडक्या ओळींची सोय केली. आणि एरिक रेमंड याने युनिक्सच्या कलेवरच्या पुस्तकात मौनाचा नियम लिहून ठेवला तो २००३ साली, म्हणजे रेक जन्मले त्याच वर्षी. सांगण्यासारखे काही नसेल तर गप्प राहा, असा तो नियम. दोन्ही विचार एकाच वर्षी, शेजारी शेजारी.

दुसरे असे की, कमांडमध्ये पासवर्ड असेल तर तो छापून दाखवणे म्हणजे तिजोरीची किल्ली दारावर टांगण्यासारखे आहे. ही बांधणी आता पुष्कळदा दूरच्या संगणकावर चालते आणि तिची नोंद अनेकांना दिसते. तिथे गुप्त मजकूर झाकून दाखवतात, आणि तेच योग्य आहे. पण झाकायचे ते एवढेच. बाकीची ओळ दिसू द्यायची.

मी शिकवताना मुलांना सांगत असे, की बखर नंतर लिहिली जाते आणि पत्र त्याच वेळी. म्हणूनच वि. का. राजवाडे अस्सल कागदांच्या मागे गावोगाव हिंडले आणि १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड छापला. त्यांचा बखरींवर विश्वास नव्हता, कागदांवर होता. माझ्या संगणकाचे 'झाले' ही बखर होती. सरकत जाणाऱ्या त्या इंग्रजी ओळी हे अस्सल कागद होते. आणि हे वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या मास्तराने स्वतःच्या घरात कागद बंद करून बखर मागून घेतली! याचे मला आजही वाईट वाटते. शाळेच्या घंटेची हकीकत मी आठवेल तेवढी पुन्हा लिहून काढली. पण त्या शिपाईदादांच्या शब्दांत ती होती, तशी आता कोणालाच मिळणार नाही.

विद्यार्थ्याने नंतर फाइल दुरुस्त केली. आता वर्ष आपोआप बदलते. पण ओळी मी पुन्हा बंद करू दिल्या नाहीत. रेक म्हटले की चष्मा पुसतो आणि ओळी वाचतो. कुठून उचलले आणि कुठे ठेवले, एवढे समजते. तेवढे पुरते.

जिम वाइरिक १९ फेब्रुवारी २०१४ रोजी गेला. वय अवघे सत्तावन्न. मी या सगळ्याचा माग काढू लागलो त्यानंतर थोड्याच महिन्यांत. तो उत्तम शिक्षक होता म्हणतात. सहकाऱ्यांबरोबर त्याने रूबी शिकण्यासाठी स्वाध्यायांचा एक संच केला होता, त्यावर जगभरच्या मुलांनी रूबी गिरवली. प्रोग्रामर मंडळी आपल्या कामातला प्रत्येक बदल नोंदवून ठेवतात. वाइरिकने गिटहबवर नोंदवलेल्या शेवटच्या बदलाखाली लोकांनी निरोपाचे शब्द लिहिले, एकापाठोपाठ एक, देशोदेशीच्या लोकांनी. माणूस गेल्यावर लोक त्याने शेवटी काय केले ते पाहायला आले, आणि ते पाहता आले, कारण त्याने ते नोंदवून ठेवले होते.

हे सगळे मी नातवाला सोपे करून सांगितले. रीत ही तुझ्या बरोबर उत्तरासाठी नसते, चुकलेल्या उत्तरासाठी असते. कुठे चुकले ते त्या ओळींत सापडते. तो म्हणाला, "पण आजोबा, माझे बरोबर होते."

मी म्हटले, "माझेही दहा महिने बरोबरच होते रे."

तो जरा विचारात पडला. मग पेन्सिल घेऊन त्या उदाहरणाखाली रीत लिहायला बसला. गुण काही वाढणार नव्हते. असो.